नऊ फळ्यांची फट

१

दुपारी दोन वाजले की त्या घरातला चमचा थांबायचा.

चमचा साधाच, स्टीलचा. चार वर्षांपूर्वी दादाला झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली, आणि उरलेल्या डाव्या हातात वहिनींनी हा चमचा दिला. काही हवं असलं की पलंगाच्या लोखंडी कठड्यावर वाजवायचा. पाणी हवं, चमचा. कूस बदलायची, चमचा. माशी बसली, चमचा. पहिल्या आठवड्यात घरात त्याचं केवढं कौतुक झालं. चार वर्षांत त्या कौतुकाचा भुगा झाला होता. रात्रपाळी वहिनींची आणि दिवसपाळी धाकट्याची. पाळी बदलताना दोघं एकमेकांकडे बघत तेव्हा कुणाचे डोळे जास्त आत गेलेत हे सांगणं अवघड होतं.

धाकटा म्हणजे दादाचा सख्खा भाऊ. वय बासष्ट, डोक्यावरचे केस बोटावर मोजून घ्यावेत असे, पण घरातलं शेंडेफळ म्हणून अजून धाकटाच. एका दंतवैद्याच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसून त्याने जन्मभर कवळ्या केल्या. लग्न राहून गेलं, आणि पुढे का राहिलं हे विचारायचंही लोकांचं राहून गेलं. तो निवृत्त झाला त्याच वर्षी दादा पडला. चार कपडे पिशवीत घालून महिनाभरासाठी म्हणून तो या घरी आला, तो आलाच.

दोन ते चार दादा असा झोपायचा की कानाशी नगारा वाजवला तरी पापणी हलू नये. वहिनी तेवढ्यात कपडे धुऊन घेत आणि धाकटा मागच्या खोलीत जहाजापाशी जाऊन बसे.

जहाज दादाचं. तो ओतकामाच्या कारखान्यात लाकडी साचे करायचा. यंत्राचा जो भाग लोखंडात ओतायचा तो आधी तसाच्या तसा लाकडात कोरायचा, हे त्याचं काम. केसाएवढी चूक चालत नसे. त्याच हातांनी त्याने निवृत्तीनंतर हे दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचं तीन डोलकाठ्यांचं लढाऊ जहाज करायला घेतलं. खऱ्याच्या अठ्ठेचाळिसावा भाग, टोकापासून टोकापर्यंत दीड हात. आतला कणा, फासळ्या, मजले, जिने, कंदील, खलाशांच्या टांगलेल्या झोळ्या, सगळं खऱ्यासारखं. जहाज वादळात आहे असं मानून तोफांच्या खिडक्यांची झाकणं त्याने बंद करूनच चिकटवली होती. वरच्या मजल्याची दारंही बंद.

एकच जागा उघडी होती. उजव्या कुशीत, मधल्या डोलकाठीच्या थोडं मागे, वीतभर लांब आणि तीन बोटं उंच अशी फट. नऊ फळ्या लावायच्या राहिल्या होत्या. ती बाजू नेमकी दादाच्या पलंगाकडे होती. मधलं दार उघडं असलं की त्याला पडल्या पडल्या ती फट दिसायची, आणि तो दिवसभर तिच्याकडे बघत चमचा वाजवायचा.

“एकदाचं पुरं करून टाका हो, भाऊजी,” एक दिवस वहिनी म्हणाल्या. हातात बादली, आवाजात जीव नाही. “डॉक्टर काय म्हणाले ते तुम्हीही ऐकलंत. फार दिवस नाहीत. डोळ्यांदेखत पुरं झालेलं बघतील, शांत होतील. आणि खरं सांगू? मला एक दुपार झोपायचंय. सरळ चार तास. मग काय व्हायचं ते होवो.”

त्यात वाईट काहीच नव्हतं. धाकट्यालाही तेच हवं होतं, फक्त तोंडाने बोलायची लाज वाटत होती.

२

असली जहाजं करणारे काही जण एक बाजू मुद्दाम उघडी ठेवतात, आतलं काम दिसावं म्हणून. धाकट्याला हे ठाऊक होतं, दादाच्याच पुस्तकांत चित्रं होती. पण चाळीस वर्षं कवळ्या केलेल्या माणसाला फट बघवत नाही. एक दात नसलेली कवळी ही कवळीच नव्हे, असं त्याचा डॉक्टर म्हणायचा, आणि ते त्याच्या हाडीमासी खिळलं होतं. जेवताना समोरच्याचा पडलेला दात दिसला तरी त्याचा घास अडायचा.

एक गोष्ट मात्र त्याला खटकली. डोलकाठ्या उभ्या होत्या, त्यांचे शेकडो दोर ताणून बांधलेले होते, शिडंसुद्धा गुंडाळून ठेवली होती. आधी कूस बंद करायची, मग दोर, हे शेंबडं पोरही सांगेल. दादासारखा कारागीर फट तशीच ठेवून वरच्या कामाला लागेल? धाकट्याने स्वतःची समजूत घातली की वय झालं होतं, कंटाळला असेल.

बंद करण्याआधी आत एकदा नीट बघून घ्यावं म्हणून त्याने आपल्या जुन्या डब्यातला दात बघायचा आरसा काढला. बारीक दांडीचा, टोकाला वाकवलेला. विजेरीचा झोत आरशावर टाकून तो फटीतून आत सरकवला आणि दादाच्या हाताला मनातल्या मनात नमस्कार केला. सगळीकडे काही वर्षांची धूळ बसली होती. तोफांच्या गाड्यांवर, पिंपांवर, झोळ्यांवर, सगळीकडे सारखी.

जिन्यावर नव्हती.

फटीजवळून खालच्या मजल्यावर उतरणारा तो एवढासा जिना, नऊ पायऱ्यांचा. पायऱ्या स्वच्छ. आणि झिजलेल्या. धाकट्याने आरसा जवळ नेला. झीज हा त्याचा जन्माचा धंदा होता. जुनी कवळी हातात आली की माणूस कुठल्या बाजूने चावतो हे तो पेशंट न बघता सांगायचा. इथे पायऱ्यांच्या कडा मऊ, गोल झाल्या होत्या, पण फक्त डावीकडे. उजवीकडची कड कालच कापल्यासारखी धारदार होती.

जुनाट दिसावं म्हणून दादाने घासल्या असतील, असं तो म्हणाला. मोठ्याने म्हणाला, कारण खोलीत फार शांत होतं. एकाच बाजूने का घासल्या असतील, ते त्याने मोठ्याने विचारलं नाही.

३

रोज एक फळी, असा त्याने नेम केला. लाकडाची बारीक पट्टी कापायची, पाण्यात भिजवून वळवायची, बसते का बघायची, सरस लावायचा, आणि बोटाने दाबून धरून शंभर आकडे मोजायचे. फट वरून खाली बुजवत आणायची.

पहिली फळी बसली त्या दिवशी दादा चारला जागा झाला, त्याने फटीकडे बघितलं आणि चमचा सुरू झाला. पाणी दिलं, नको. कूस बदलली, नको. रात्री आठला वहिनींनी चमचा काढून घेतला तेव्हा तो मुठीने वाजवू लागला.

“घाई झालीय त्यांना,” वहिनी म्हणाल्या. “कारखान्यातही असेच होते. काम हातात दिलं की झालं का, झालं का.”

चौथ्या फळीच्या वेळी व्यायाम करून घेणाऱ्या बाई आल्या होत्या. आठवड्यातून दोनदा येत. दादाचे हातपाय हलवत हलवत जगातल्या सगळ्या आजाऱ्यांच्या गोष्टी सांगत. धाकट्याने वळवलेली पट्टी दादाला दाखवायला आणली.

“बघ रे दादा. तुझ्यासारखी नाही, पण बरी जमलीय की नाही?”

दादाने चमचा टाकला आणि पट्टी पकडली. डाव्या हाताची पाचही बोटं तिच्याभोवती आवळली. धाकट्याने हसत हसत ओढून बघितली, सुटेना. मग न हसता ओढली, तरी सुटेना.

“अहो, पकड बघा केवढी आलीय,” बाई खूश होऊन म्हणाल्या. “चार वर्षांत असं मी बघितलं नाही. असंच काहीतरी हातात देत जा रोज.”

शेवटी वहिनींनी एकेक बोट उलगडलं. तेवढ्यात पट्टी मोडलीच. दादाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बाई म्हणाल्या की अशा झटक्यानंतर उगाचच रडू येतं, मनावर घेऊ नका, आतून काही नसतं. धाकट्याने घेतलंही नाही. त्याने नवी पट्टी कापायला घेतली, कारण त्या दिवशीची फळी त्या दिवशीच बसायला हवी होती.

४

पाचवी फळी बसवायला त्रास झाला. तिचा वाक जास्त होता. बोटाने भागेना म्हणून धाकट्याने उरलेल्या फटीवर एक जाड पुठ्ठा ठेवला आणि फळीसकट दोन चिमटे लावून सगळं घट्ट आवळलं. दुपारचे सव्वादोन झाले असतील. वाळायला चार तास तरी ठेवावं असा बेत होता.

चार वाजले. चमचा वाजला नाही.

साडेचारला वहिनी चहा घेऊन आल्या आणि दादाला हाक मारली. खांदा हलवला. गालावर पाणी मारलं. श्वास चालू होता, संथ, एकसारखा, पण माणूस उठेना. पाचला त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले की नव्या गोळ्यांनी गुंगी येते, सहापर्यंत बघा आणि मग सांगा.

धाकटा दाराशी उभा होता. त्याला काय करावं सुचेना, आणि काही सुचेनासं झालं की त्याचे हात आपोआप कामाकडे जात. तो मागच्या खोलीत गेला आणि फळी धरली का बघावी म्हणून चिमटे सोडले. पुठ्ठा खाली पडला.

पलंगावर दादाने दीर्घ श्वास घेतला. खोल पाण्यातून वर आलेला माणूस घेतो तसा. मग चमचा वाजला, जोरात, थांबून थांबून.

“उठले हो, भाऊजी,” वहिनींचा आवाज आला. “घाबरवलंत अगदी, असं करतात का?” हे शेवटचं त्या दादाला म्हणत होत्या.

धाकटा पुठ्ठा हातात धरून उभा राहिला. गोळ्याच त्या. गोळ्यांचा अंमल उतरायला कुठलीतरी एक वेळ लागणारच, ती नेमकी ही लागली. हिशेब अगदी सरळ होता. तरीही पुढची फळी बसवताना त्याने पुठ्ठा वापरला नाही. का वापरला नाही, हे कुणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं.

५

सहावी, सातवी. सातवीत दादाच्या नकाशाप्रमाणे हवेसाठी एक झरोका होता, वाटाण्याएवढा चौकोन, त्याला वरून बिजागरीचं झाकण. धाकट्याने तो कोरला, झाकण मात्र शेवटी लावायचं म्हणून डबीत ठेवलं. आता फट म्हणजे मजल्यालगतची दोन फळ्यांची चीर राहिली होती.

दादाची दुपारची झोप आटत चालली. चारचा साडेतीन झाला, मग तीन. उठायचा तो घामाने भिजलेला. आणि एका सकाळी अंग पुसताना वहिनींनी धाकट्याला हाक मारली.

“हे काय लागलंय ह्यांना?”

डाव्या कोपरावर आणि डाव्या गुडघ्यावर खरचटलं होतं. ताजं. कातडी सोलून आत लाल दिसत होतं. छातीवरही एक लांब ओरखडा, उभा. जमिनीवरून पोटावर सरपटत गेलं तर उमटेल तसा. दादा चार वर्षांत पलंगावरून स्वतःहून हातभरही सरकलेला नव्हता.

“चादर टोचली असेल,” धाकटा म्हणाला.

“चादर,” वहिनी म्हणाल्या. मलम लावता लावता त्यांचा हात थांबला. “एक सांगू? हसाल. तो मजला झाला ना, झटक्याच्या दोन वर्षं आधी, तेव्हापासून ह्यांनी ती फट तशीच ठेवली. मी म्हटलं, बुजवा की. तर म्हणाले, असू दे, जायला यायला बरी. मला वाटलं, बोटं घालायला म्हणतायत.”

“मग तेच म्हणत असणार.”

“हो, दुसरं काय.” त्यांनी मलमाचं टोपण लावलं. “किती राहिल्या?”

“दोन.”

“मग उद्या दोन्ही लावून टाका ना. रोज एकेक करून त्यांना झुलवण्यापेक्षा एकदम पुरंच दाखवू. झोपलेत तोवर लावा, उठले की समोर तयार.”

त्या वेळी धाकट्याच्या मनात जे काही होतं ते नीट जुळवलं असतं तर कदाचित जुळलं असतं. डाव्या बाजूने झिजलेल्या पायऱ्या होत्या, पुठ्ठा होता, कोपर होतं. पण सकाळपासून त्याने तीनदा चादर बदलली होती, कंबर धरली होती, आणि आदल्या रात्री वहिनींना ताप म्हणून रात्रपाळीही त्यानेच केली होती. दमलेला माणूस जुळवाजुळव करत नाही. तो पुढ्यातलं काम उरकतो.

“लावतो,” तो म्हणाला.

६

दुसऱ्या दिवशी दादा दोनला झोपेना. अडीच झाले तरी डोळे टक्क उघडे, चिरेवर खिळलेले. वहिनींनी मधलं दार लोटून घेतलं. पावणेतीनला त्यांनी दारातून मान घालून खूण केली. झोपले.

आठवी फळी झटकन बसली. नववी बसवण्याआधी धाकट्याने खाली वाकून चिरेतून एकदा आत बघितलं. त्यात विशेष काही नव्हतं, रोजच बघायचा. जिन्याच्या तळाशी, सगळ्यांत जवळच्या झोळीचं कापड खाली आलं होतं. बाकीच्या सपाट लटकत होत्या. ही एकटी भरल्यासारखी ताणली होती, आणि अगदी हळू हलत होती.

टेबल हललं असेल. आठवी फळी दाबताना टेबल हललंच होतं.

त्याने नववीला सरस लावला, चिरेवर ठेवली, अंगठ्याने दाबली आणि शंभर मोजले. मग सरसाचा ओघळ पुसला, बारीक कागदाने सांधा घासला, आणि मागे सरून बघितलं. कूस अखंड होती. सांधा कुठे आहे हे त्यालाही सापडेना. इतक्या वर्षांत इतकं नेटकं काम त्याच्या हातून झालं नव्हतं, आणि दादा उठून कसा बघेल या विचाराने त्याला लहानपणी व्हायचा तसा आनंद झाला.

७

दादा संध्याकाळी सातला उठला. उठला म्हणजे डोळे उघडले. वहिनींनी मधलं दार सताड उघडलं, दिवा लावला, “बघा, झालं तुमचं जहाज,” म्हणाल्या. दादाचे डोळे त्या दिशेला होते. ते जहाजावरून गेले, दारावरून गेले, भिंतीवर थांबले.

चमचा त्याच्या हातात दिला. तो गादीवर पडला. पुन्हा दिला, पुन्हा पडला.

पण जेवला किती छान. तोंडाशी घास नेला की तोंड उघडायचं, भरवलं की गिळायचं. एरवी अर्धं जेवण उशीवर असायचं. कूस बदलावी तशी बदलून राहायची. रात्री हूं की चूं नाही. वहिनी सकाळी साडेसहाला उठल्या आणि घड्याळ बंद पडलंय असं समजून त्यांनी ते हलवून बघितलं.

व्यायामाच्या बाई आल्या. डावा हात उचलून सोडला, तो पडला. बोटांत बोटं घातली, ती तशीच राहिली. “पकड गेली की हो,” त्या म्हणाल्या. “असं होतं कधीकधी. येते, जाते.” मग आवाज खाली आणून वहिनींना म्हणाल्या, “पण किती शांत दिसतायत ना? चेहरा बघा. समाधान झालं त्यांचं.”

वहिनींनी मान हलवली. त्या दुपारी एकला त्या आतल्या खोलीत जाऊन पडल्या आणि पाचपर्यंत झोपल्या. सरळ चार तास. उठून केस बांधताना त्या जरा हसल्यासुद्धा. चार वर्षांत धाकट्याने त्यांना हसताना बघितलं नव्हतं.

त्याला मात्र झोप लागेना. घर फार शांत झालं होतं, आणि त्या शांततेत मागच्या खोलीतून लाकडाचा आवाज यायचा. टक. मग बराच वेळ काही नाही. मग टक. नवं लाकूड वाळताना वाजतं. पहिले काही दिवस वाजणारच.

८

झरोक्याचं झाकण राहिलं होतं.

पाचव्या दिवशी दुपारी वहिनी झोपल्यावर तो त्या कामाला बसला. लावण्याआधी आत सरस ओघळला नाही ना हे बघावं म्हणून त्याने डब्यातला सगळ्यांत लहान आरसा काढला. दाढेच्या मुळाशी बघायचा, मसुरीच्या दाण्याहून थोडा मोठा. झोत त्याच्यावर धरून तो झरोक्यातून आत सरकवला आणि नव्या फळ्यांची आतली बाजू दिसेल असा वळवला.

सगळ्या फळ्या लावून झाल्याला पाच दिवस झाले होते. पांढऱ्या, कोऱ्या लाकडाच्या. आतून त्या कोऱ्या नव्हत्या. एका जागी, मजल्यापासून बोटाच्या पेराएवढ्या उंचीवर, एक काळसर तेलकट डाग होता, मध्ये चकाकणारा, कडेला विरत गेलेला. असा डाग त्याने रोज बघितला होता. दादाच्या पलंगामागच्या भिंतीवर, जिथे चार वर्षं त्याचं डोकं टेकायचं, तिथे अगदी असाच होता. खाली फळीला डाव्या बाजूला झीज होती. हाताने पुन्हा पुन्हा चाचपून येते तसली. धाकट्याच्या अनुभवाने ती पाच दिवसांची झीज नव्हती. वीस वर्षांची असावी. तीससुद्धा.

मग त्याला पायऱ्या आठवल्या. दादाने तो मजला केला तेव्हा त्याचं उजवं अंग धडधाकट होतं. तेव्हा डावीकडेच झिजायला काहीच कारण नव्हतं. म्हणजे ती झीज झटक्यानंतरची होती.

आरसा धुरकटला.

त्याने तो बाहेर काढला, सदऱ्याला पुसला, परत आत घातला. तो परत धुरकटला, कडेकडून मध्याकडे, मग थोडा निवळला, मग पुन्हा धुरकटला. दवाखान्यात डॉक्टर पेशंटच्या तोंडात घालण्याआधी आरसा गरम करून घ्यायचा, तो याचसाठी, श्वासाने काच धुरकटू नये म्हणून. मधे एकदा आरसा निवळला तेवढ्या क्षणात त्याला फळीला टेकलेली एक पाठ दिसली. म्हातारी, वाकलेली, एका बाजूला कललेली. ती वळत होती. त्याने आरसा काढून घेतला.

बारीक करवत टेबलावरच होती. दोन मिनिटांचं काम. नववी फळी आडवी कापायची, चिमट्याने उचकटायची. त्याने करवत उचलली, सांध्यावर टेकवलीसुद्धा.

मधल्या दारातून पलंग दिसत होता. दादाचं शरीर छताकडे बघत शांत पडलं होतं, पोट वरखाली होत होतं. आतल्या खोलीतून वहिनींच्या घोरण्याचा आवाज येत होता, मोठा, निर्धास्त. धाकट्याला चमचा आठवला. बदललेल्या चादरी आठवल्या, पाठीत भरणारी कळ आठवली, आणि बाहेरच्या पाच दिवसांत आत इतकी वर्षं कोंडून राहिलेला माणूस बाहेर आला तर तो काय घेऊन येईल, कुणाकडे बघेल, हेही आठवल्यासारखं झालं. त्याला दादाची दया आली. खरोखर आली. आणि त्या दयेखाली, तिच्याहून जड, झोप होती.

त्याने करवत खाली ठेवली. डबीतून झाकण काढलं, कडांना सरस लावला.

“दादा,” तो झरोक्याशी तोंड नेऊन हळूच म्हणाला, “थोडे दिवस. आम्हाला जरा झोपू दे रे.”

झाकण बसवून त्याने त्यावर अंगठा ठेवला आणि मोजायला सुरुवात केली. साठाच्या आसपास आतून अंगठ्याला हलका रेटा लागला, मग पुन्हा लागला. त्याने डोळे मिटून घेतले आणि मोजणं चालू ठेवलं.